दोघांच्या फोनवरून साऱ्यांना हाक

२०२३ साली आपल्या देशात एक चाचणी झाली होती, ती तुम्हांला आठवते का? आठवत नसेल तर घरी मोठ्या माणसांना विचारा. खिशातले, टेबलावरचे, स्वयंपाकघरातल्या फळीवरचे सगळे मोबाइल फोन एकाच वेळी कर्कशपणे वाजू लागले होते आणि पडद्यावर आपत्तीच्या सूचनेचा एक नमुना झळकला होता. अनेकांची तर घाबरगुंडी उडाली! कोणी फोन केलेला नव्हता, तो उचलायचाही नव्हता. तरीही परिसरातल्या साऱ्या फोनांना ती सूचना एकदम पोचली.

यात एक गंमत आहे. मोबाइल हा मुळात दूरध्वनी, आणि दूरध्वनी म्हणजे दोघांमधली खाजगी वाट. मी नंबर फिरवला की तुमच्याच घरी घंटी वाजते, शेजाऱ्याच्या घरी नाही. आकाशवाणीचे नेमके उलटे. तेथे एकजण बोलतो आणि ज्याच्याजवळ रेडिओ असेल तो ऐकतो. किती जण ऐकत आहेत याची केंद्राला फिकीर नसते. दहा ऐकोत की दहा लाख, विजेचे बिल तेवढेच!

तुम्ही म्हणाल, आम्ही तर रोज ग्रुपवर एकच निरोप टाकतो आणि तो सगळ्यांना जातो. पण ते प्रसारण नव्हे. तुमच्या ग्रुपमध्ये ५० जण असतील, तर जाळ्यातून ५० फोनांकडे तो निरोप वेगवेगळाच जातो. पोस्टमनने एकच मजकूर ५० दारांत नेऊन टाकावा, तसा. चाचणीच्या वेळी मात्र मनोऱ्याने खरोखरच एकदा हाक मारली आणि त्याच्या आवाजाच्या टप्प्यातल्या साऱ्या फोनांनी ती ऐकली.

जमिनीवर हे फारसे अवघड नाही. मनोरा एका जागी उभा असतो आणि त्याच्याभोवतीचा मुलूख ठरलेला असतो. पण भर समुद्रात मनोरे कोठून आणायचे? वाळवंटात, हिमालयाच्या खिंडीत, ध्रुवप्रदेशात काय करायचे? तेथे उपयोगी पडतो तो उपग्रह दूरध्वनी. त्याचा मनोरा आकाशात असतो आणि तो सेकंदाला जवळजवळ साडेसात किलोमीटर वेगाने पळत असतो. अशा पळत्या मनोऱ्यावरून, जो केवळ दोघांच्या बोलण्यासाठी बांधला आहे त्यावरून, साऱ्यांना एकदम हाक कशी मारायची? आज आपण हेच पाहू या.

७७ चे झाले ६६

१९८०च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या मोटोरोला कंपनीतले अभियंते बॅरी बर्टिगर यांच्या पत्नी बहामा बेटांवर सहलीला गेल्या होत्या. तेथून त्यांना घरी फोन लावता येईना. त्यांनी नवऱ्याला विचारले, पृथ्वीवर कोठूनही लागेल असा फोन तुम्ही का करत नाही? बर्टिगर आणि त्यांचे सहकारी रेमंड लिओपोल्ड व केन पीटरसन यांनी हा प्रश्न मनावर घेतला.

दूरध्वनीचे उपग्रह तेव्हाही होते, पण ते भूस्थिर कक्षेत, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. इतक्या लांबून आलेला संदेश अतिशय क्षीण होतो. आपल्याकडे जुन्नर तालुक्यातल्या आर्वी येथे उपग्रह केंद्राची प्रचंड थाळी उभारली गेली, ती त्यासाठीच. अशी थाळी खिशात कशी घालणार? तेव्हा या तिघांनी ठरवले की उपग्रहच खाली आणायचे, अवघ्या ७८० किलोमीटरांवर. अंतर सुमारे ४६ पटींनी घटले. संदेशाचा जोर अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, हे तुम्ही शिकलाच आहात. म्हणजे तो ४६ गुणिले ४६, जवळजवळ २,१०० पटींनी वाढला! मग हातात मावणाऱ्या फोनची बोटभर अँटेनासुद्धा पुरते.

पण खाली आणलेला उपग्रह एका जागी राहत नाही. तो सुमारे १०० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो आणि तुमच्या डोक्यावरून नऊ-दहा मिनिटांत निघून जातो. तो मावळण्याआधी दुसरा उगवायला हवा. हिशेब केला तेव्हा असे ७७ उपग्रह लागतील असे दिसले. ७७ हा इरिडियम या मूलद्रव्याचा अणुक्रमांक, म्हणून योजनेला नाव मिळाले इरिडियम. पुढे आराखडा सुधारला आणि ६६ उपग्रहांत काम भागले: उत्तर-दक्षिण धावणाऱ्या ६ कक्षा व प्रत्येकीत ११ उपग्रह. ६६ अणुक्रमांकाचे मूलद्रव्य आहे डिस्प्रोशियम. एवढे अवघड नाव कंपनीला कोण देणार? तेव्हा जुनेच नाव कायम राहिले!

१ नोव्हेंबर १९९८ रोजी सेवा सुरू झाली. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांनी पहिला फोन केला, तो दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या पणतूला. आपल्याकडे पुण्याजवळ दिघी येथे या जाळ्याचे एक भूकेंद्रही उभे राहिले होते.

पळता मनोरा

आता या मनोऱ्याची रचना पाहू. एका उपग्रहाच्या नजरेत सुमारे ४,५०० किलोमीटर व्यासाचा प्रदेश येतो. पण तो सगळीकडे सारखा प्रकाश टाकणाऱ्या दिव्यासारखा नसतो. त्याच्या अँटेना ४८ वेगवेगळे झोत खाली सोडतात. एकेक झोत जमिनीवर साधारण ४०० किलोमीटर व्यासाचे वर्तुळ व्यापतो. असे का? कारण लहरींचे पट्टे मोजकेच असतात. एका झोतातला पट्टा दूरच्या दुसऱ्या झोतात पुन्हा वापरता येतो आणि थोड्या जागेत पुष्कळ संभाषणे बसतात.

वेळेचीही अशीच वाटणी. ९० मिलिसेकंदांची एक चौकट घ्या. तिच्यात संभाषणांसाठी आठ खण असतात, चार वर जाणाऱ्या आवाजासाठी आणि चार खाली येणाऱ्या आवाजासाठी. प्रत्येक खण अवघा ८.२८ मिलिसेकंदांचा. तुमचा फोन आपल्या खणात झटकन बोलून घेतो व गप्प बसतो. मग दुसऱ्याचा खण येतो. हे इतके भरभर चालते की आपण तुकड्यातुकड्यांनी बोलत आहोत हे कोणाला कळतही नाही.

थोडक्यात, या यंत्रणेतली प्रत्येक गोष्ट दोघांसाठी बेतलेली आहे. झोत तुमचा, पट्टा तुमचा, खण तुमचा, आणि बिलही तुमच्याच नावाचे.

आता समजा, समुद्रात चक्रीवादळ उठले आहे आणि एकाच झोताच्या वर्तुळात १०,००० होड्या आहेत. प्रत्येकीवर असा फोन आहे असे धरा. एका उपग्रहावर एका वेळी सुमारे १,१०० संभाषणे चालू शकतात. ती ४८ झोतांत सारखी वाटली तर एका झोताच्या वाट्याला येतात साधारण २३. एका होडीला एक मिनिट धरले, तरी १०,००० होड्यांना सांगायला ४३५ मिनिटे लागतील. म्हणजे सव्वासात तास! तेही प्रत्येकाने पहिल्याच घंटीला फोन उचलला तर. आणि या सव्वासात तासांत एखाद्या बुडत्या होडीने मदतीसाठी फोन लावला, तर तिला खण मोकळा मिळणार नाही. ज्यांना वाचवायचे त्यांचीच वाट आपण अडवून बसलेलो असू.

घंटीतच दडलेले उत्तर

वाट तर हवी, पण ती दोघांची नको. मग कोणती? येथे मी तुम्हांला एक प्रश्न विचारतो. तुम्ही बोलत नसता तेव्हा तुमच्या फोनला खण दिलेला नसतो. मग तुम्हांला कोणी फोन केला, तर हे फोनला सांगायचे कसे?

याचे एकच उत्तर आहे: ओरडून! दवाखान्यात रांगेत बसलेल्यांपैकी "जोशी कोण?" असे ओरडून विचारतात ना, तसे. हाक सगळेच ऐकतात, पण उठतो तो जोशीच. उपग्रह फोनाचेही तेच आहे. ९० मिलिसेकंदांच्या चौकटीत आठ खणांच्या आधी आणखी एक खण असतो, २०.३२ मिलिसेकंदांचा. तो फक्त खाली येणाऱ्या संदेशांसाठी राखलेला आहे. त्याचे पट्टेही वेगळे, १६२६ ते १६२६.५ मेगाहर्ट्‌झच्या दरम्यानचे. या खणातून उपग्रह घंटीची हाक देतो: अमुक क्रमांकाचा फोन असेल त्याने जागे व्हावे. झोतातला प्रत्येक फोन ती ऐकतो, आपला क्रमांक ताडून पाहतो, जुळला नाही तर पुन्हा डुलकी घेतो. ही हाक एकेका झोताला पाळीपाळीने मिळते. ४८ चौकटींची एक फेरी ४.३२ सेकंदांत पुरी होते.

म्हणजे पाहा, दोघांच्या खाजगी वाटेच्या दाराशीच सार्वजनिक हाक उभी होती! तिच्याशिवाय दूरध्वनी चालूच शकत नाही. फक्त त्या हाकेत एका क्रमांकाऐवजी अनेकांचा मिळून एक क्रमांक घातला आणि "जागे व्हा" ऐवजी मजकूरच पाठवला, तर झाले प्रसारण. याच एकदिशा वाटेवर १९९८ पासून पेजरची सेवाही होती. पेजर म्हणजे निरोपाच्या चार ओळी दाखवणारी चिमुकली डबी. ती खिशात, घरात, कोठेही असली तरी तिला निरोप मिळायला हवा, म्हणून या वाटेला जोरही जास्त दिलेला होता.

कल्पना सुचली की काम झाले, असे मात्र समजू नका. खरी कसोटी पुढेच होती.

पहिली अडचण पोचपावतीची. दोघे बोलत असताना एखादा शब्द ऐकू आला नाही तर आपण "काय म्हणालात?" असे विचारतो. यंत्रेही तसेच करतात. तुकडा बिघडला तर पुन्हा मागतात. पण हजारो फोनांनी एकदम "काय म्हणालात?" असे विचारले तर? तेव्हा प्रसारणात उलट बोलायचेच नाही, असा नियम करावा लागतो. मग निरोप बिनचूक पोचायचा कसा? खरखरणाऱ्या फोनवर आपण "क कमळातला, प पतंगातला" असे सांगतो ते आठवा. एका अक्षरासाठी आपण मुद्दाम जास्तीची अक्षरे खर्च करतो, म्हणजे थोडे गळाले तरी अर्थ लागतो. निरोपातही अशीच जास्तीची अक्षरे गणिताने गुंफतात. शिवाय तो काही वेळाने पुन्हा पाठवतात. पहिल्या वेळी होडी लाटेआड गेली असेल तर दुसऱ्या वेळी सापडेल.

दुसरी अडचण जागेची, आणि मला स्वतःला हीच सर्वांत सुंदर वाटते. अरबी समुद्राच्या अमुक भागात निरोप द्यायचा आहे. पण झोत तर उपग्रहाबरोबर पळत आहेत! ४०० किलोमीटरचे वर्तुळ तुमच्यावरून साधारण एका मिनिटात सरकून जाते. या क्षणी तो भाग तिसऱ्या, चौथ्या व नवव्या झोतात असेल, तर मिनिटाने दुसऱ्याच झोतांत, आणि दहा मिनिटांनी वेगळ्याच उपग्रहाखाली. धावत्या आगगाडीच्या खिडक्यांतून बाहेरच्या एकाच झाडाला पाणी घालायचे असेल तर काय कराल? एका खिडकीतून दुसरीकडे, दुसरीतून तिसरीकडे तांब्या देत राहावा लागेल. येथे तांब्या म्हणजे निरोप. कक्षा ठाऊक असल्याने कोणत्या क्षणी कोणता झोत कोठे असेल हे संगणक आधीच काढू शकतो. उपग्रहही एकमेकांशी बोलतात. प्रत्येकाचा पुढच्या, मागच्या आणि दोन बाजूंच्या उपग्रहांशी संबंध असतो. त्यामुळे निरोप एका भूकेंद्रातून वर चढवला की तो आकाशातल्या आकाशात हातोहात पुढे जातो.

ध्रुवांजवळ भलतीच दाटी होते. साऱ्या कक्षा तेथे एकवटतात आणि झोतांवर झोत पडतात. तेथे काही झोत चक्क बंद ठेवावे लागतात.

तिसरी अडचण अशी की ऐकायला सारे मोकळे, पण निरोप साऱ्यांसाठी असतोच असे नाही. याचा निवाडा उपग्रह करत नाही, खालचा फोनच करतो. त्याच्या पोटात गटाचा क्रमांक व कुलपाची किल्ली असते. गट जुळला, किल्ली लागली, तर निरोप उघडतो. दूरध्वनीत कोणी ऐकायचे हे जाळे ठरवते. प्रसारणात ते ऐकणारा ठरवतो.

जळता जळता वाचलेले उपग्रह

हे सारे प्रत्यक्षात येण्यापूर्वी इरिडियमवर मोठा प्रसंग गुदरला. जाळे उभारायला सुमारे ५०० कोटी डॉलर लागले होते. पण फोन विटेएवढा जड, दर अवाच्या सवा, आणि तोपर्यंत शहरोशहरी साधे मोबाइल आलेले. ग्राहक मिळेनात. ऑगस्ट १९९९ मध्ये, सेवा सुरू होऊन वर्षही झाले नव्हते तोच, कंपनीचे दिवाळे निघाले. दिघीचे कामही थांबले. सारे उपग्रह खाली आणून वातावरणात जाळून टाकायचे असा बेत ठरला. शेवटी २००० सालाच्या अखेरीस डॅन कोलुसी यांच्या पुढाकाराने काही जणांनी ते सारे जाळे अवघ्या अडीच कोटी डॉलरांना विकत घेतले. पाच रुपये किमतीची वस्तू अडीच पैशांना, असा हा सौदा! अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोठा ग्राहक होण्याचे कबूल केले, म्हणून तो जमला.

त्या खात्याच्याच गरजेतून एका वेगळ्या प्रसारणाचा जन्म झाला. अफगाणिस्तानच्या डोंगराळ मुलखात सैनिकांच्या साध्या रेडिओची हाक डोंगराआड पोचत नसे. त्यांना हवे होते बटण दाबून बोलण्याचे साधन: एकाने बोलावे आणि तुकडीतल्या साऱ्यांनी त्याच क्षणी ऐकावे. उपग्रहांवरचे खण असे वापरण्याची युक्ती तेव्हा काढण्यात आली. वर फिरणाऱ्या उपग्रहाला हात न लावता, केवळ त्याला पाठवलेल्या नव्या आज्ञावलीने त्याला नवे काम शिकवता येते, हे या जाळ्याचे मोठेच सामर्थ्य.

मग २०१४ च्या सुमारास 'बर्स्ट' नावाची सेवा आली. ती पूर्वीच्या एकदिशा वाटेनेच, एकाच वेळी कितीही फोनांना वा यंत्रांना निरोप देते. २०१७ ते २०१९ या काळात जुने उपग्रह निवृत्त होऊन त्यांच्या जागी नवे आले.

सर्वांत मोलाचा उपयोग समुद्रावर झाला. मोठ्या जहाजांना वादळाच्या व संकटाच्या सूचना देण्याची एक जागतिक व्यवस्था आहे. तीतले उपग्रहाचे काम अनेक वर्षे इन्मारसॅट ही एकच संस्था आपल्या भूस्थिर उपग्रहांवरून करत असे. तिची युक्तीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. सूचनेवर पत्ता म्हणून जहाजाचे नाव नसते, नकाशावरचा एक गोल किंवा चौकोन असतो. जहाजावरचे यंत्र आपले स्थान पाहते आणि आपण त्या चौकोनात असलो तरच मजकूर छापते. पण विषुववृत्तावरचा भूस्थिर उपग्रह ध्रुवांजवळून क्षितिजाखाली जातो, त्यामुळे तेथील जहाजे वंचित राहत. मे २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने इरिडियमलाही मान्यता दिली आणि डिसेंबर २०२० पासून ध्रुवांसह साऱ्या सागरांवर ही हाक जाऊ लागली.

जहाजांचे ठीक आहे, पण लहान होड्यांचे काय? नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आले तेव्हा केरळ-तमिळनाडूचे कोळी आधीच खोल समुद्रात गेलेले होते. किनाऱ्यावरच्या मोबाइलची हाक दहा-बारा किलोमीटरांपलीकडे जात नाही. वादळ येत आहे हे किनाऱ्याला ठाऊक होते, होड्यांना नव्हते. कितीतरी जण परतले नाहीत. त्यांपैकी ६८ होड्या ९५२ माणसांसह वाहत, भरकटत थेट आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागल्या, तेव्हा कोठे त्यांच्या घरी ते जिवंत असल्याचे कळले.

या कोळ्यांच्या हाती उपग्रह दूरध्वनी देणे सोपे नाही. तो महाग आहे, आणि आपल्या देशात तो परवानगीशिवाय बाळगताही येत नाही. म्हणून २०१९ साली हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सागरी माहिती संस्थेने 'जेमिनी' नावाचे छोटे यंत्र आणले. विमानांना दिशा दाखवण्यासाठी असलेल्या 'गगन' या उपग्रह यंत्रणेच्या लहरींवर बसून वादळाची सूचना येते आणि यंत्र ती कोळ्याच्या मोबाइलवर उमटवते. दुसऱ्याच्या गाडीत आपले गाठोडे ठेवण्याची तीच जुनी युक्ती! पण यातून उलट बोलता येत नाही. होडी सूचना ऐकू शकते, "आम्ही बुडत आहोत" असे सांगू शकत नाही.

म्हणून ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे आणखी एका योजनेचा आरंभ झाला. तीत देशातल्या १ लाख होड्यांवर भारतीय उपग्रहांशी दोन्ही बाजूंनी बोलणारी यंत्रे बसवायची आहेत. आणि तुमच्या ध्यानात आलेच असेल, येथे आपला जुना प्रश्न उलटा होऊन समोर येतो. किनाऱ्याने एका हाकेत लाख होड्यांना सांगितले, पण त्यांतल्या शेकडो होड्यांनी एकाच क्षणी मदत मागितली, तर वर जाणाऱ्या वाटेवर त्यांचे आवाज एकमेकांत मिसळून जातील. अशा वेळी प्रत्येक यंत्राने किती क्षण थांबून बोलायचे, आवाज आदळला तर पुन्हा केव्हा बोलायचे, याचे नियम आधीच ठरवावे लागतात. वर्गात बाईंनी प्रश्न विचारल्यावर सगळेच एकदम ओरडू लागले तर तुम्ही कोणता नियम कराल? कागद-पेन्सिल घेऊन ४० जणांच्या वर्गासाठी तो लिहून काढा, आणि बाईंना विचारून एकदा करूनही पाहा.